दौऱ्यावर येऊन गेलेल्या मित्रास अनावृत पत्र

प्रति,
मा. दौराप्रमुख (आमचे बालमित्र),
घोडबंदर रोड, ठाणे.

विषय : दिवाळी २०२५ मधील आपल्या जवळा बाजार दौऱ्याची पोच व काही नम्र सूचना.

संदर्भ : शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील आपला संदेश, ‘चलो परभणी! सगळ्यांना भेटणार!!!’

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपली पांढरी गाडी पाडव्याच्या संध्याकाळी गावात दाखल झाली आणि भाऊबीजेच्या दुपारी रवाना झाली. या अवधीत आपण अकरा घरी चहा, चार घरी चिवडा-लाडू, तीन टोप्या, तीन टॉवेल, वहिनींसाठी सात ब्लाउजपीस आणि आमच्याकडून पाच किलो हळद स्वीकारलीत. इतक्या कमी वेळात इतके स्वीकारणारा माणूस गावाने निवडणुकीबाहेर पाहिला नव्हता.

प्रथम एक किरकोळ दुरुस्ती. आपण ‘चलो परभणी’ लिहिले होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आपले गाव तिकडे गेले. आपण त्याआधीच शिकायला बाहेर पडलात, हे मान्य. पण सव्वीस वर्षांत ही बातमी ठाण्यापर्यंत पोचली असेल, असा आमचा समज होता.

आता मुख्य मुद्दा, वेळापत्रक. निघण्याच्या आदल्या रात्री आपण ते ग्रुपवर टाकलेत. असा मिनिटवार कार्यक्रम आम्ही आजवर फक्त पालकमंत्र्यांचा पाहिला होता. त्यात मावशींना २५ मिनिटे होती. मोठ्या काकांना १५, बहुधा त्यांना ऐकू कमी येते म्हणून. शाळेच्या फाटकापुढे फोटोसाठी १०. आणि माझ्या कृषी सेवा केंद्रासमोर ५, पुढे कंसात ‘उभ्या उभ्या’. पालकमंत्री निदान तीन तास उशिरा येतात, त्यामुळे जमलेल्या लोकांना आपसात बोलून घेता येते. आपण वेळेवर आलात. गावाची ती सोयही गेली.

काकांच्या ओसरीवर आपल्याला १५ मिनिटे होती, त्यांतली तेरा आपण समृद्धी महामार्गाला दिलीत. तो ७०१ किलोमीटरचा आहे, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जूनला खुला झाला, कसाऱ्याच्या घाटात आठेक किलोमीटरचा बोगदा आहे, गाडीला १२० ची परवानगी आहे. काका मान डोलवत होते. आपण धरणाच्या कालव्याबद्दल बोलत आहात असे त्यांना वाटले होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “वाटंत जेवलास कुठं?” आपण म्हणालात, त्या रस्त्यावर गावच लागत नाही. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग ती सडक जाती तरी कुणाकडं?”

प्रश्न अडाणी वाटला तरी माझ्या मते रास्त होता. दहा जिल्हे आणि ३९२ गावांच्या जमिनीतून हा मार्ग जातो, पण गाव लागत नाही ते नाहीच. त्या दहांत हिंगोलीचे नाव नाही. म्हणून आपण जालन्याला खाली उतरलात आणि मंठा, जिंतूर, औंढा करत आलात. आमच्याकडे येणारा रस्ता खरे तर तिथे सुरू होतो. त्याबद्दल आपण खड्ड्यांपलीकडे अक्षर बोलला नाहीत.

पूर्वी आपण देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला उतरायचात आणि पुढे एसटी धरायचात. एसटी चुकली की दोन तास स्टँडवर. त्या दोन तासांत कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, सगळे कळायचे. घरी पोचेपर्यंत आपण निम्मे गावकरी झालेले असायचात. आता तो वेळ वाचतो. वाचलेला वेळ आपण ठेवता कुठे, ते कळवावे. गाडीतून उतरताना तो आपल्यासोबत दिसला नाही.

चुलीवरच्या भाकरीविषयी. आपली फर्माईश आली तेव्हा आमच्या घरात चूल नव्हती. ती शेजारून उसनी आणली. सरपण ओले होते. धुराने वहिनींना ठसका लागला, आमच्या घरच्यांचे डोळे चुरचुरले आणि आपण चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढलात. भाकरी अर्धीच खाल्लीत, कारण रात्री आपण धान्य खात नाही. आपण उठल्यावर उरलेला स्वयंपाक गॅसवर झाला. व्हिडिओखाली आपण ‘गावाने अजून सगळं जपलंय’ असे लिहिलेत. चूल दुसऱ्या दिवशी परत केली.

सरपण ओले का, तेही सांगतो. दुकानासमोर गाडीतूनच आपण विचारले होते, “यंदा पाऊस चांगला झाला ना?” फारच चांगला झाला. सप्टेंबरात तर इतका चांगला झाला की सोयाबीन रानातच कुजले, आणि जे हाती लागले ते काळे पडलेले. सरकारचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. आमचा डागी माल बघून व्यापारी तो आकडा काढतसुद्धा नव्हते. हे सगळे सांगावे म्हणून मी तोंड उघडले होते, पण तोवर माझी पाच मिनिटे संपली.

एकतर्फी तक्रार नको म्हणून आमचे गुन्हेही कबूल करतो. आम्ही आपला पगार, फ्लॅटची किंमत, गाडीचे ॲव्हरेज आणि सुटलेले पोट यांची चौकशी एकाच दमात केली. छतातली काच सरकते हे कळल्यावर सहा जणांनी पाळीपाळीने ती सरकवून पाहिली. मागच्या काचेवरच्या धुळीत ‘धुवा की मालक’ हे बोटाने कुणी लिहिले, ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

आता औंढा. येताना आपण नागनाथाला थांबलात, फोटो ग्रुपवर आले. एका फोटोत आपण मुलीला देवळामागचा नंदी दाखवत आहात. तो मागे का, हे सांगितलेत की नाही कोण जाणे. न सांगितल्यास इथून वाचून दाखवावे. संत नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे पिटाळले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी होता तिथेच राहिला. आख्यायिका आहे, पण आमच्या मुलखातली माणसे तिच्यावर वाढली आहेत. भक्तासाठी इथे अख्खे दगडी देऊळ वळते. आणि आपण, गल्ली अरुंद आहे, गाडी वळणार नाही म्हणून दुकानासमोर काच खाली करून विचारलेत, “काय मग, कसं चाललंय?”

लेका, पोटातून सांगतो, तेव्हा वाईट वाटलं.

गाव सोडून गेलास, याचा राग नाही. नामदेव इथल्याच नरसीचे, तेही पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. जाणारी माणसं आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. माझी तक्रार तुझ्या जाण्याबद्दल नाही, येण्याबद्दल आहे. तू येतोस, पण यादीवर खुणा करत येतोस.

त्या यादीत नसलेली एकच गोष्ट या दौऱ्यात घडली. तू तेव्हा फोनवर होतास, म्हणून सांगतो. हळदीची पिशवी डिकीत ठेवताना तुझ्या लेकीनं विचारलं, “काका, ही कुठून येते?” माझं रान औंढ्याच्याच रस्त्याला, म्हणून मोटारसायकल पुढे घातली. समोरच्या वाफ्यातली हळद तिच्या छातीइतकी उभी होती, सगळी हिरवीगार. ती म्हणाली, “पिवळी कुठंय?” मी कुदळीनं एक गड्डा खणला, झटकला, मोडून तिच्या हातात दिला. आतला रंग बघून ती मटकन बांधावरच बसली. तळहाताला घासला, वास घेतला, म्हणाली, “अजून एक.” पावसानं निम्मी हळद करपली होती. तिला मी चांगल्या वाफ्यातला दिला. तू दोनदा हॉर्न वाजवलास.

तिला सांगायचं राहिलं, ते तू सांग. जूनमध्ये लावलेली हळद निघते फेब्रुवारी-मार्चला. मग ती शिजते, वाळते, ढोलात घालून घासली की पिवळं हळकुंड होतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नऊ महिने त्यानंतरही नऊच लागतात. हळदीला घाई कळत नाही.

तेव्हा विनंती अर्ज असा. पुढच्या वेळी यादी करू नकोस. दिवाळीत तर येऊच नकोस, दिवाळीत सगळेच येतात. मार्चमध्ये ये, लेकीची परीक्षा झाली की. हळद शिजवायचा कुकर रात्रभर चालतो. वाफेजवळ बसून जागावं लागतं, आणि जागायला बोलणारा माणूस लागतो. तुझी राहिलेली मिनिटं तेव्हा वसूल करीन.

आपला कृपाभिलाषी,
मागच्या बाकावरचा एक,
जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली (हिंगोलीच).

ता. क. : मोठे काका अजून विचारतात, ती सडक जाती कुणाकडं. मी म्हटलं, मार्चात सांगतो.