पिहूचे बाबा

पिहूच्या बाबांना स्वतःचं नाव आहे, पण ते वीजबिलावर. पुण्याच्या आमच्या उपनगरात शाळेबद्दल काहीही विचारायचं असेल तर माणसं एकमेकांना सांगतात, ‘पिहूच्या बाबांना विचारा.’ स्टेट, सीबीएसई, आयसीएसई, आयबी ही बोर्डं ते देवगड हापूसची पेटी पारखावी तशी पारखतात. पिहूच्या प्रवेशाच्या वेळी ‘मुलाखत’ हा शब्द त्यांनी घरात बंद केला होता. ‘शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे. पहिल्या वेळी शाळेला पंचवीस हजारांपर्यंत दंड. इंटरॅक्शन म्हणायचं!’ त्या इंटरॅक्शनमध्ये ‘तुला काय आवडतं?’ याला साडेतीन वर्षांच्या पिहूनं ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ असं पाठ केलेलं उत्तर दिलं आणि लगेच ‘बाबा, शी आली’ म्हणाली. तरी प्रवेश मिळाला. फी भरली होती म्हणून, असं पिहूची आई म्हणते.

सोसायटीसमोरच महापालिकेची शाळा आहे. तिच्या फाटकापाशी कडुलिंबाची दाट सावली असल्यामुळे पिहूची बस तिथेच थांबते आणि अकरा किलोमीटरवरच्या शाळेत जाते. बस येईपर्यंत पिहूचे बाबा सार्वजनिक शिक्षणावर बोलतात. आणि बोलतात ते खरंच मनापासून. ‘शिवदर्शनच्या ई-लर्निंग शाळेत प्रवेशाला रांग लागते, ती महापालिकेचीच ना? वाबळेवाडी जिल्हा परिषदेचीच ना? मध्यमवर्गानं पाठ फिरवली म्हणून या शाळा बसल्या!’

‘मग पिहूला इथे का नाही घातलं?’ मोक्षच्या आईनं एकदा विचारलं.

‘अहो, एकट्या पिहूनं काय होणार? दहा-वीस चांगल्या घरची मुलं आधी येऊ देत, मग घालू की!’

ही ‘आधी’ची अट सोसायटीतल्या प्रत्येक बाबांची आहे, त्यामुळे सगळे एकमेकांना ‘पहले आप’ करत फाटकाबाहेर उभे.

फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवायची गरज नाही, असं ठरलं. पिहूचे बाबा खूश! ‘बरोबरच आहे. घराजवळ एवढी चांगली शाळा असताना या पोरांनी लांब जायचंच कशाला?’ मागे बसचा हॉर्न वाजला. पिहूला चढवून, टाटा करून ते मुद्दा पुरा करायला परत आले. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला, तेव्हा त्यांनी आठवडाभर न्यायव्यवस्थेची काळजी केली.

यंदा जूनमध्ये महापालिका शाळेच्या मोठ्या बाई पट वाढवायला दारोदार फिरत होत्या. पहिली ते पाचवीचा पट बासष्ट. पिहूच्या बाबांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि त्यांचाच कायदा त्यांना समजावला. ‘साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. म्हणजे दोन मुलं गेली की तुमच्या तिसऱ्या बाई अतिरिक्त. मग एकेका बाईकडे दोन-तीन वर्ग. ते बघून आणखी मुलं जाणार. हे दुष्टचक्र आहे, बाई.’

‘हो ना. म्हणून तर आले. धाकट्याचं काय ठरलं?’

पिहूचा धाकटा भाऊ यंदा पहिलीत जायचा होता. बाबा क्षणभर गप्प झाले. ‘त्याचं… सिब्लिंग कोट्यातून झालंय. पण तुमच्यासाठी मी ग्रुपवर टाकतो.’

टाकलंही. ‘आपली शाळा वाचवा’, पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. एकवीस अंगठे आले, मूल एकही नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या पाहण्यात पहिलीच्या वयाचं मूल असेल तर परस्पर मोठ्या बाईंना कळवा. पिहूच्या बाबांमार्फत नको. ते आधी त्याचं इंटरॅक्शन घेतील.