पायमोज्यांची कैफियत

मुक्काम एडिंबरा, स्कॉटलंड

तीर्थस्वरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले बिबवेवाडीहून धाडलेले पत्र पावले. ज्या गृहस्थाची उभी हयात महसूल खात्याचे दप्तर तपासण्यात गेली, त्याच्या नजरेतून छायाचित्रदेखील सुटत नाही, हे पुन्हा एकवार प्रत्ययास आले. दिवाळीच्या त्या छायाचित्रात आम्ही चौघे नवी वस्त्रे लेऊन व चेहऱ्यांवर यथाशक्ति प्रसन्नता आणून उभे असता, आपणांस दिसली ती आमच्या मागची गोल्फच्या काठ्यांची पिशवी, तीतून डोके वर काढलेला कापडी ससा, आणि सशाच्या शेजारी, आईने खास विणून पाठविलेले तपकिरी पायमोजे! ‘पायांचा मुद्देमाल काठ्यांच्या डोक्यावर कोणाच्या मंजुरीने गेला, याचा खुलासा परत टपाली करावा,’ हा आपला हुकूम शिरसावंद्य मानून ही कैफियत सादर करीत आहे.

प्रथम खेळाविषयी. आपल्या लेखी गोल्फ म्हणजे विमानतळाच्या वाटेवर येरवड्यास लागणारे ते कुंपण: आत हिरवळ व साहेब, बाहेर रिक्षा व आपण. यात आपला दोष नाही. इंग्रजांनी 1829 साली कलकत्त्यास क्लब काढला, तेव्हापासून हिंदुस्थानात हा खेळ हुद्द्याबरोबरच मिळत आला आहे. येथे, त्याच्या माहेरी, प्रकार निराळा आहे. ब्रंट्सफील्ड लिंक्स या सार्वजनिक मैदानावर आखूड पल्ल्याचा गोल्फ खेळण्यास, काठ्या आपल्या असल्या म्हणजे, दमडीही पडत नाही. आणि जे फुकट आहे ते एका पुणेकराने केवळ तत्त्वासाठी सोडून द्यावे, अशी अपेक्षा आपणही करणार नाही.

आपणांस रुचेल असा एक सरकारी वृत्तांत येथेच नमूद करतो. रयत धनुर्विद्येचा सराव टाकून चेंडू बडवीत फिरते, या सबबीवर 1457 साली येथील पार्लमेंटने गोल्फला मनाई केली. तीच मनाई पुढे 1471 आणि 1491 मध्ये पुन्हा जारी करावी लागली, यावरून तिची अंमलबजावणी कशी झाली असेल हे महसूल खात्यातील मनुष्यास सांगणे नलगे; आणि शेवटली मनाई ज्याच्या अमदानीत निघाली त्या चौथ्या जेम्स राजाने 1502 मध्ये पर्थ गावच्या, धनुष्ये घडविणाऱ्याच एका कारागिराकडून गोल्फच्या काठ्या खरेदी केल्याची रक्कम सरकारी खजिन्याच्या हिशेबात खर्ची पडलेली आहे! ब्रंट्सफील्डच्या कडेला एक मद्यगृह आहे, ते आपली स्थापना 1456 ची सांगते, म्हणजे मनाईच्या बरोबर एक वर्ष आधीची. (आत गेलो नाही. पाटी रस्त्यावरूनही वाचता येते.)

आता मूळ मुद्दा. नियमाप्रमाणे पिशवीत चौदांहून अधिक काठ्या बाळगता येत नाहीत. त्यांपैकी ज्या सर्वांत लांब, त्यांची डोकी पूर्वी पर्सिमन लाकडाची असत. आता ती टिटॅनियमची, आतून पोकळ, पातळ कवचाची आणि नियमाने 460 घन सेंटिमीटरपर्यंत फुगविलेली असतात. पिशवी खांद्यावर घेऊन चालू लागले की बाकीच्या लोखंडी काठ्या त्यांच्यावर आदळतात, रंगाचे टवके उडतात, शेजारच्या कार्बनच्या दांड्यांना चरे पडतात. म्हणून, नोव्हेंबरात पारा जरा खाली सरकताच कानात वारा शिरेल या धास्तीने सबंध बिबवेवाडी जशी कानटोपीत शिरते, तद्वत या काठ्यांनाही टोपरे घालावे लागते. दुकानात अशा एका टोपऱ्याची किंमत विचारली, तेव्हा तेवढ्या रकमेत मार्केट यार्डातून आपल्या घरची महिन्याची भाजी येईल असा हिशेब सौ.ने उभ्याउभ्याच केला, आणि आम्ही विक्रेत्याचे आभार मानून बाहेर पडलो.

आईचे मोजे तेव्हा कपाटात होते. मुलगा परदेशी गेला तरी त्याचे पाय वाढतच असावेत, या वात्सल्ययुक्त अंदाजाने ते गुडघ्यापर्यंत विणलेले, आणि घर गरम पाण्याच्या नळांच्या उबेने तापलेले असल्यामुळे निरुद्योगी. सौ.ने त्यांतला एक सहज काठीवर चढविला, आणि काय सांगावे! काठीचे डोके पायाप्रमाणेच काटकोनात वळलेले असल्यामुळे, विकतच्या सरळ पिशवीत जो फुगवटा मावत नाही तो टाचेच्या खोळीत अचूक जाऊन बसला. आणि वरच्या पट्टीवर आईने ‘दोन सुलट, दोन उलट’ अशी जी वीण घातली आहे, तिने दांडीचा गळा असा आवळून धरला की इलॅस्टिकची गरज उरली नाही. पुढे सौ.ने आत जुन्या फ्लॅनेलचे अस्तर लावले आणि कोणते टोपरे कोणत्या काठीचे हे चटकन कळावे म्हणून शेंड्याला लोकरीचे गोंडे बांधले: पहिल्या क्रमांकाच्या काठीस एक, तिसरीस तीन, पाचवीस पाच. पाच गोंड्यांची काठी मुंजीच्या बटूपेक्षा अधिक सजलेली दिसते. एकच पथ्य कडक पाळावे लागते: येथे पाऊस मोसम पाहून पडत नाही, म्हणून घरी येताच टोपरी काढून वाळत घालावयाची, नाहीतर आत ओल धरते.

कापडी प्राण्यांचे प्रकरण अधिक नाजूक. ही खेळणी येथील धर्मादाय दुकानांत नाममात्र किमतीस मिळतात. बुडाची शिवण उसवावी, धडातला कापूस काढावा, डोक्यातला तसाच ठेवावा, आत मोज्याची नळी सरकवून कडेने उलटटीप घालावी, की झाले. परंतु पहिल्या सशाची शिवण उसवली जात असता आपल्या नातीने जो आक्रोश केला, त्यामुळे कामकाज तहकूब करावे लागले; अखेरीस, घरातील कोणत्याही प्राण्यास हात लावला जाणार नाही आणि बाहेरून आणलेल्यांस शस्त्रक्रियेपूर्वी नाव दिले जाईल, या दोन अटींवर तिची लेखी संमती मिळाली. निघालेल्या कापसाचे दोन तक्के झाले.

माझे मत विचाराल तर मोजे श्रेष्ठ. प्राणी देखणे खरे, पण भिजले की जड होतात आणि लवकर वाळत नाहीत. तथापि प्राण्यांच्या पक्षात थोर दाखला आहे. टायगर वुड्स, ज्याला कोणतीही वस्तू हव्या त्या किमतीस घेता येईल, तो कित्येक वर्षे आपल्या सर्वांत लांब काठीवर कापडी वाघाचे तोंड चढवून जगभर हिंडला, आणि त्या वाघावर त्याच्या आईच्या मायेचे शब्द तिच्या थाई भाषेत भरलेले आहेत. आईस हे अवश्य वाचून दाखवावे. तिच्या हातच्या मोज्यांचा अवमान झाला, ही तिची समजूत त्याने पुष्कळशी दूर व्हावी.

आता दरखास्त. शेजारचे एक वृद्ध स्कॉटिश गृहस्थ, ज्यांनी मला काठी धरावयास शिकविले, ते आमची पिशवी पाहून गेल्यापासून दर भेटीत आईच्या प्रकृतीची चौकशी करतात, आणि त्यामागील हेतू मी ओळखून आहे. तरी बोहरी आळीतून गडद हिरव्या व मरून रंगाची लोकर घेऊन आईने आणखी तीन मोजे विणावेत. जोड्या नकोत, सुटे चालतील. लांबी पूर्वीइतकीच, टाच मात्र दोन बोटे अधिक सैल. आत्याचा मुलगा पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे, त्याच्या सामानात भाकरवडीच्या डब्याखाली ते घालावेत, भाकरवडी कमी करू नये. चि. व कु. यांचे साष्टांग नमस्कार. कळावे.

आपला आज्ञाधारक,
थोरला