पुराच्या माहेरी

कुरुंदवाडचा माणूस घर बघायला गेला की हवा, उजेड, शेजार असलं काही विचारत नाही. ‘2019 ला पाणी कुठवर आलतं?’ एवढंच विचारतो आणि भिंतीवरची खूण शोधतो. कृष्णा आणि पंचगंगा आमच्या गावाशी एकमेकींना भेटतात. पलीकडे नृसिंहवाडीत पाणी उत्तरेच्या दारातून शिरून, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक लांबलांबून स्नानाला येतात. आमच्या घरात तेच पाणी सोप्यातून शिरून परसदारानं बाहेर पडतं, तेव्हा एकही भाविक फिरकत नाही.

2021 च्या पुरानंतर चिखल उपसता उपसता मी जाहीर केलं, “बास. आता डोंगरावर राहायला जायचं.” घरातल्यांनी नेहमीप्रमाणे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हिनं मात्र खराट्यावर टेकून एकच अट घातली, “ऊन पाहिजे.” तिचंही खरं होतं. अंगणातल्या दोरीवर त्या वेळी रेशन कार्ड, माझं बी.एड.चं प्रमाणपत्र आणि आमच्या लग्नाचा अल्बम चिमटे लावून वाळत होता. अल्बममधला मी पुसून गेलो होतो. सासरे तेवढे स्पष्ट राहिले होते.

पुढच्या आषाढात शोध सुरू केला. पावसाळ्यात आवडलं ते गाव बारमाही चांगलं, असा माझा सिद्धांत. पहिला पन्हाळा, कारण जवळ. तीन हजार फुटांवर पूर यायची बिशाद नाही. पण ढग थेट लॉजच्या खोलीत येऊन बसलेला. शेजारच्या कॉटवरची बायको आवाजावरून ओळखावी लागत होती. “महाराजांनीसुद्धा 1660 मध्ये आषाढातच हा गड सोडला होता,” मी इतिहास काढला. “त्यांना सिद्दी जौहरचा वेढा होता. आपल्याला कुणी अडवलंय? चला,” ढगातून उत्तर आलं.

गगनबावड्यात आम्ही गाडीतून उतरलोच नाही. आंबोलीत उतरलो, चहा घेतला. कप अर्धा झाला तरी पन्हाळीच्या थेंबांनी परत भरत होता. चहावाल्यानं विचारलं, “तुमच्याकडं पाऊस कसा काय?” मी म्हटलं, “तसा नसतोच. पूर असतो.” तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. बाहेरच्या माणसाला हे पटवणं अवघड आहे. शिरोळ तालुका म्हणजे कमी पावसाचा मुलूख. वर लख्ख ऊन, दोरीवर कपडे कडकडीत वाळतायत, आणि खाली पाणी पायरी पायरी चढतंय, हे आम्ही लहानपणापासून बघतो. पाऊस दुसरीकडे पडतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपले आपण उघडतात, आणि पुढे पाणी तुंबलं की सगळा गाव अलमट्टीच्या नावानं बोटं मोडतो.

तरी मी महाबळेश्वरला गेलो. सगळ्यात उंच तेच, म्हणून. तिथं घरांना बाहेरून गवत आणि प्लास्टिक गुंडाळलेलं. एका रात्रीत माझ्या चामडी चपलेवर हिरवी लव आली. सकाळी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गेलो. दगडी गोमुखातून करंगळीएवढी धार पडत होती. पुजारी म्हणाले, “ही कृष्णा. इथून निघते.” हिनं हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पुराला कंटाळून पुराच्या माहेरी आणलंत मला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2021 च्या जुलैत याच डोंगरावर एका दिवसात 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता. आमच्याकडे साधारण तेवढा अख्ख्या वर्षात पडतो. म्हणजे माझ्या सोप्यातला गाळ कुठून आला, त्याच्या मूळ पत्त्यावर मी भाड्यानं खोली शोधत होतो.

इंग्रज माझ्यापेक्षा हुशार. पावसाळ्यात महाबळेश्वरात टिकाव लागेना म्हणून त्यांनी पूर्वेला 18-20 किलोमीटरवर पाचगणी वसवली. 1860 च्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं त्यात पुढाकार घेतला. ढग महाबळेश्वरातच रिकामे होऊन येत असल्यामुळे तिथं पाऊस निम्म्याहूनही कमी. पुढं उन्हासाठी, कोरड्या हवेसाठी तिथं क्षयाच्या रोग्यांचं आरोग्यधामही निघालं. आणि खरंच, पाचगणीत शिरताना सिल्व्हर ओकच्या रांगेतून चक्क ऊन पडलं. हिनं गाडीतच ओला टॉवेल मांडीवर पसरला.

एजंटनं घर दाखवलं. दोन खोल्या, गॅलरी, खाली खोल दरीत धोम धरणाचं पाणी चमकतंय. किंमत ऐकून मी मनात कुरुंदवाडचं घर, मळीचं वांग्याचं रान आणि म्हैस विकली. तेवढ्यात गॅलरी बसत होती. एवढ्यात धाकट्याचा फोन. “दादा, वाडीत दक्षिणद्वार झालं. फ्रिज माळ्यावर चढवायचाय, एक माणूस कमी पडतोय. कुठं हायस?”

“धोमच्या वर,” मी म्हणालो.

“मग बघ की, किती भरलंय!”

मी कठड्यावरून वाकून धरण किती भरलंय ते सांगत असताना एजंट हिच्याशी बोलत होता. माणूस सज्जन. “वहिनी, आधीच सांगितलेलं बरं. इथं पाण्याचा जरा त्रास आहे.”

हिनं टॉवेलची घडी घातली. “म्हणजे नळाला येत नाही, का घरात येतं?”