पुराचे पहिले धडे : दुष्काळात मुरलेल्यांसाठी

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. तुम्ही त्यांत मोडता की नाही, याची परीक्षा सोपी आहे. आभाळ काळंभोर झालं, वीज कडाडली, की तुम्ही आधी काय करता? दोरीवरचे कपडे तसेच सोडून पत्र्याच्या धारेखाली घागर, बादली आणि निळा ड्रम लावायला धावत असाल, तर तुम्ही अस्सल जालनेकर आहात आणि पुराच्या बाबतीत बालवाडीत आहात. लाज वाटून घेऊ नका. ज्या शहरानं नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येताना पाहिलंय, त्याला पूर एकदम कसा समजणार? रात्री कुणी ‘पाणी आलं, पाणी आलं’ म्हणून ओरडलं, तर निम्मी गल्ली हंडे घेऊन बाहेर पडेल.

पहिला धडा, पाणी येतं कुठून. आपल्याकडे ते फक्त आभाळातून येत नाही, पैठणहूनही येतं. जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे आणि वरच्या अंगाला जायकवाडी. याच धरणाचं पाणी जलवाहिनीतून जालना शहर पितं, आणि धरण भरलं की अंबड-घनसावंगीच्या काठावरची गावं रात्रभर जागी राहतात. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, धरणाचे सगळे 27 दरवाजे उघडले आणि विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. क्युसेक म्हणजे काय हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती, म्हणून आता आपल्या हिशेबात सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. तीन लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे साडेआठशे टँकर. शहागडच्या पुलावर उभं राहून हे पाणी बघायला जाऊ नका. मोबाईल बाहेर काढून तर मुळीच नाही.

विसर्गाचा निरोप आला की काठावरचा शेतकरी घराआधी नदीकडे पळतो, कारण तिथे त्याची मोटार, स्टार्टर आणि पाईप असतात. हे समजण्यासारखं आहे, मोटार काही फुकट येत नाही. पण अंधारात, वाढत्या पाण्यात, चालू वायरीला हात घालून मोटार वाचवण्याचा प्रकार या अभ्यासक्रमात बसत नाही. पहिला इशारा येतो तेव्हा उजेड असतो. त्याच वेळी जा, आधी पुरवठा बंद करा. दुसऱ्या इशाऱ्याची वाट बघणारे बरेच असतात, कारण पहिला इशारा दरवर्षीच येतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा धडा छपराचा, आणि इथे जरा थांबू. तुमचं घर जुनं माळवदाचं असेल, तर त्याला उन्हाळ्यात तोड नाही. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर; बाहेर बेचाळीस अंश असले तरी आत झोप लागते. हे छप्पर एखाद्या धुवाधार सरीला दाद देत नाही. त्याला खातो तो आठवडाभर लागलेला झडीचा पाऊस. माती हळूहळू पाणी पीत राहते, वजन वाढतं, खालची मातीची भिंत आतून नरम पडते, आणि पाऊस उघडल्यावर, ऊन पडल्यावर, सगळे ‘सुटलो’ म्हणत असताना माळवद खाली येतं. त्याआधी ते सूचना देतं. तुळईच्या कडेनं माती झिरपायला लागते. भिंतीला पोट सुटतं. काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतं. असं दार रंध्यानं तासून देणारा सुतार बोलावू नका. अंथरूण-पांघरूण उचला आणि शाळेत किंवा समाजमंदिरात मुक्कामाला जा. माळवदावर प्लास्टिकची ताडपत्री टाकायची ती मे महिन्यात, झडीच्या चौथ्या दिवशी ओल्या मातीवर चढून नाही.

पत्र्याच्या घराचं शास्त्र निराळं. आपल्याकडे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. वादळात पत्रा उडतो आणि दगड मात्र प्रामाणिकपणे खाली येतो, बहुधा बाजेवर झोपलेल्याच्या अंगावर. लोखंडी हूक-नट लावून पत्रे आढ्याला आवळून घ्या. खर्च थोडा आहे, पण दगड फुकट असल्यामुळे हा धडा कुणी पाठ करत नाही.

गारांचं थोडक्यात. 11 फेब्रुवारी 2018 ला जालना आणि मंठा तालुक्यांत गारपीट झाली तेव्हा हरभरा-गहू ऐन भरात होता. गारा पडताना वावरात असाल तर घमेलं डोक्यावर घ्या. गारा वेचायला नंतर वेळ मिळतो.

विजेचंही थोडक्यात. चिंचेखाली, लिंबाखाली उभं राहू नका, चार जण एकाला एक चिकटून तर नकोच. मोबाईलमध्ये ‘दामिनी’ ॲप घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलंय आणि जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं. आपण ते डाऊनलोड करतो आणि मोबाईल चार्जिंगला लावून शेतात जातो.

आता ड्रमकडे वळू. इथे तुमचं शिक्षण कामी येईल. पुरात सगळ्यात आधी संपतं ते पिण्याचं पाणी. विहिरीत गढूळ पाणी उतरतं, बोअर बुडतो, वीज गेल्यामुळे नळ बंद. दाराशी कमरेएवढं पाणी आणि पोराला प्यायला घोट नाही. मग त्याच पाण्यातून वाट काढत टँकर येतो, हो, तोच आपला जुना टँकर. म्हणून इशारा आला की ड्रम भरा, झाकण घट्ट लावा, उंचावर ठेवा. रिकामा ड्रम ठेवू नका, तो शेजारच्या गावात सापडतो. विहिरीचं पाणी उपसून टीसीएल पावडर पडेपर्यंत पिऊ नका, तोवर उकळून घ्या किंवा मेडिक्लोरचे थेंब टाका. तुरटी फिरवून पाणी निवळतं. त्यातली हगवण काही निवळत नाही.

जनावरं. पाणी चढायला लागलं की दावं सोडा. खुंट्याला बांधलेली म्हैस पोहू शकत नाही, हे सांगावं लागू नये, पण दर पुरानंतर सांगावं लागतं. आणि कानात बारा अंकी बिल्ला आधीच मारून घ्या. जनावर दगावलं तर सरकारी दरात दुधाळ गाय-म्हशीचे 37,500, बैलाचे 32,000 आणि शेळीचे 4,000 मिळतात. बिल्ला नसेल तर तेही अडतात. या पैशात बाजारात दुसरा बैल येतो का, हा प्रश्न विचारू नका. तो वरच्या वर्गातला आहे.

शेवटचा धडा पंचनाम्याचा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी असतो, तुमच्या गोठ्यात नसतो. तेव्हा ढग तुमच्या डोक्यावर फुटला आणि तिकडे भुरभुर झाली, तर भरपाईच्या कागदावर तुम्ही कोरडेच. यावर उपाय म्हणजे फोटो. पाणी असताना काढा, भिंतीवरच्या खुणेसकट काढा, मग चिखल उपसा. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाका. घर सोडताना मेन स्विच बंद करा. खातं आधारला जोडलंय का, ई-केवायसी झालंय का, हे उन्हाळ्यातच बघून या. केंद्रावरचा सर्व्हर ढग दिसले की बसतो आणि रांग उघडीप पडेपर्यंत हलत नाही.