घामाची बढती

व्यायामाने माणूस सडपातळ होतो, चपळ होतो, त्याला झोप छान लागते, असं सगळे सांगतात. त्याला घाम जास्त येऊ लागतो, हे कोणी सांगत नाही. पूर्वी मी ठाण्यातल्या तलावपाळीची फेरी मारून आलो की कपाळावर सभ्यपणे चार थेंब यायचे. आता पळण्याची सवय झाल्यापासून बुटांच्या नाड्या बांधून जरा धावलो की पाठीवरून ओघळ सुरू. आमच्या लिफ्टमध्ये मी शिरलो की शेजारच्या वहिनी जिन्याने जातात. त्यांचाही व्यायाम होतो. सौ.ची शंका वेगळी होती. "अहो, हे बूट परत घेतात का हो?"

तिला कसं सांगू, की ही बढती आहे! नवखं शरीर तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतलं. आतलं तापमान बरंच चढल्यावर त्याला घामाची आठवण होते. सरावलेलं शरीर पारा किंचित हलला की कामाला लागतं, आणि सढळ हाताने. पण हे शिक्षण नुसत्या पळण्याने पुरं होत नाही, त्याला ऊनही लागतं. रोज तासभर उकाड्यात अंग मोडलं, तर साधारण १० ते १४ दिवसांत शरीर उष्णतेला सरावतं. आधी रक्तातला द्रव वाढतो आणि नाडीची धावपळ कमी होते. घामाची भरभराट त्यामागून. शिवाय हा घाम अळणी असतो, कारण ग्रंथी त्यातलं मीठ वाटेतच परत शोषून घेतात. सुरुवातीला माझ्या काळ्या टीशर्टवर भाईंदरची मिठागरं उमटायची. आता तो नुसताच ओला असतो. या प्रगतीची नोंद घरात फक्त वॉशिंग मशीनने घेतली.

पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावाही लागतो. लंडनमध्ये १७७० च्या दशकात डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन उकळत्या पाण्याहून तापलेल्या खोलीत जाऊन उभे राहिले. एका फेरीत टोपलीत घालून एक कुत्रंही नेलं होतं. त्या खोलीत अंडी कडक झाली, मांसाचा तुकडा शिजला. डॉक्टर आणि कुत्रं मात्र ठणठणीत बाहेर आले. (कुत्र्याचं मत कोणी विचारलं नसावं.) सगळी करामत कोरड्या हवेची. खोलीत वाफ कोंडली असती, तर डॉक्टरसाहेबही त्या मांसाच्या पंगतीला बसले असते. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; लादीवर टपकला तर फक्त लादी ओली.

हे आमच्या नागपूरच्या मावसभावाला मे महिन्यात ठाण्यात कळलं. हा गडी ४५ अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर हिंडणारा. ३४ अंश ऐकून तो हसला आणि माझ्याबरोबर फिरायला निघाला. राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर त्याचा सदरा पिळण्याजोगा झाला होता.

"कूलर नाही का बे तुमच्या घरी?"

"कूलर इथे चालत नाही रे. हवाच ओली, पाणी वाळणार कुठे?"

"म्हणजे आपलंही तसंच होऊन राह्यलं?"

अगदी तसंच. उलट सरावलेल्या माणसाची इथे पंचाईत जास्त. शरीर उत्साहाने घाम ओतत राहतं, त्यातला बराचसा फुकट गळतो, आणि तेवढं पाणी पुन्हा प्यावं लागतं. घरी येऊन आम्ही दोघांनी कोकम सरबताचा जग संपवला. मावसभाऊ टॉवेलने खसाखसा अंग पुसत होता. मी त्याला सांगू लागलो की वाळू शकणारा घाम पुसणं म्हणजे फुकट मिळालेला गारवा फेकणं, तेवढ्यात सौ. लादी पुसायचं फडकं घेऊन आली.

"ही घामाची सवय कायमची का हो?"

"छे! दोन-चार आठवडे एसीत बसून काढले की शरीर बरंचसं विसरतं."

त्या दोघांनी एकाच वेळी रिमोटकडे हात नेला.