हे ठाण्याला उठतील

डोंबिवलीच्या बाईला अंतर्ज्ञान असतं की नाही, यावर वाद घालायचा असेल तर सकाळच्या स्लो लोकलच्या लेडीज डब्यात यावं. मागच्या बायकांच्या कृपेने मी आत ढकलली जाते, बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवते आणि मला कळतं, कोण कुठे उतरणार. पिशवी वर रॅकवर टाकून ओढणी डोक्यावरून घेतलेली, ती दादरच्या अलीकडे हलायची नाही. पर्सचा बंद मनगटाला गुंडाळून बसलेली, ती ठाण्याची. व्यंकटेश स्तोत्र वाचणारी भांडुपला उठते, कारण तिचं स्तोत्र बरोबर तेवढ्यात संपतं. ‘कुठे उतरणार?’ असं मीही विचारते, पण ते केवळ रीत म्हणून. लग्नात ‘जेवून जा हं’ म्हणतात, तसं.

हे ज्ञान मला कुठल्या साधनेतून मिळालेलं नाही. अंदाज चुकला की दादरपर्यंत उभं राहावं लागतं, त्यातून मिळालेलं आहे. 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि ते रातोरात शिळं झालं. अंधेरीच्या ऑफिसांत जाणाऱ्या बायका तोवर गाडी बदलायला दादरपर्यंत सीट अडवून बसायच्या, त्या घाटकोपरलाच उठायला लागल्या. त्या काळात भल्याभल्या जुन्याजाणत्या बायका चुकीच्या सीटसमोर उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मग हळूहळू नवं अंतर्ज्ञान तयार झालं.

प्रेम आणि नोकरी या विषयांत मात्र आमच्या घरचं अंतर्ज्ञानाचं खातं पूर्वापार आत्याकडे आहे. आत्याला आतून वाटतं. माझं लग्न ठरवायचं चाललं होतं तेव्हा तिला दर रविवारी वाटायचं. ‘अगं, मला आतून वाटतंय, हाच मुलगा!’ मुलाचा ठाण्यात स्वतःचा टू बीएचके असला की तिला फार खोलवरून वाटायचं. भाड्याचा असला तर आतली लाइन बिझी असायची. आणि तिचं खरंखोटं कधीच ठरत नसे, कारण नाकारलेल्या मुलांचे संसार पुढे कसे झाले हे विचारायला कुणी जात नाही. जमलेली तेवढी लग्नं तिच्या खात्यावर जमा आणि मोडलेली मुलीच्या नशिबावर नावे.

या पंथाचा मूळपुरुष राजा दुष्यंत. ‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकात आश्रमातली शकुंतला पाहून त्याला पेच पडतो: ही ऋषिकन्या, आपण क्षत्रिय, हे जमायचं कसं? तेव्हा तो असा तर्क लढवतो की ज्या अर्थी माझ्यासारख्या सज्जनाचं मन हिच्याकडे ओढ घेतंय, त्या अर्थी ही क्षत्रियाला चालण्यासारखीच असली पाहिजे. शंकेच्या जागी सज्जनांचं अंतःकरण हाच पुरावा. हा सज्जन गृहस्थ त्या वेळी झाडाआडून बघत होता, ते सोडा. गंमत म्हणजे अंदाज बरोबर निघतो. शकुंतला विश्वामित्राची मुलगी, आणि विश्वामित्र मूळचा क्षत्रिय. पुढे पाचव्या अंकात तीच शकुंतला गरोदरपणी दरबारात समोर उभी राहते आणि या अंतःकरणवाल्याला बायको ओळखू येत नाही! दुर्वासाचा शाप होता हे मान्य. पण त्याच अंकाच्या सुरुवातीला, ती यायच्या आधी, आतून एक गाणं ऐकू येतं आणि राजाला कारण नसताना हुरहूर लागते. म्हणजे आतला आवाज ड्यूटीवर हजर होता. कुणाविषयी बोलतोय, तेवढं सांगत नव्हता. शेवटी एका कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडली म्हणून प्रकरण मिटलं. स्वतःच्या पोटातल्या आवाजापेक्षा माशाच्या पोटातली वस्तू कामाला आली.

बाबांचा पंथ वेगळा, कागदाचा. बँकेत जन्म गेलेला माणूस. पानाच्या मधोमध रेघ मारल्याशिवाय ते फ्रीजसुद्धा घेत नाहीत. त्यांचा मूळपुरुष चार्ल्स डार्विन. त्याने 1838 साली कागदावर दोन रकाने केले, लग्न करावं आणि करू नये. करू नये याखाली पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वेळ जाईल, संध्याकाळी वाचता येणार नाही, अशी भरभक्कम यादी. करावं याखाली जन्माची सोबत मिळेल, आणि ती निदान कुत्र्यापेक्षा बरी, असा शेरा. यादीत कुठल्याही मुलीचं नाव नाही. एवढा ऊहापोह करून निष्कर्ष निघाला की करावं, आणि पुढच्या जानेवारीत या शास्त्रज्ञाने लग्न केलं ते सख्ख्या मामाच्या मुलीशी. आमच्या गावाकडे हा निष्कर्ष कागद न वापरता, बारशालाच काढला असता.

तर एकीकडे आत्याचं आतून, दुसरीकडे बाबांची रेघ, आणि मधे मी पोह्यांची बशी घेऊन. गुरुजींनीही आपलं गणित मांडलेलं असायचं. 36 पैकी 18 गुण जुळले की पास. दहावीला 35 टक्क्यांना सोडतात, त्या मानाने पत्रिकेचा पेपर कडक. त्यातले 8 गुण एकट्या नाडीचे, आणि स्वभाव नुसत्या गणात उरकलेला. बाकीचा बायोडेटात असतो. माझा बायोडेटा आईने लिहिला होता: हसतमुख, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. मी मुळात संशयी बाई आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचते, दुसऱ्याने मोजलेले पैसे परत मोजते. पण ‘संशयी’ असं छापलेला बायोडेटा मी अजून पाहिलेला नाही. समोरच्या मुलाचाही हसतमुख आणि मनमिळाऊच असायचा. दोन मनमिळाऊ माणसं समोरासमोर बसून जमिनीकडे बघत राहायची.

त्याच सुमारास माझ्या वाचनात डॅनियल काहनेमन आले. यांना पुढे 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण 1955 मध्ये ते इस्रायलच्या सैन्यातले 21 वर्षांचे लेफ्टनंट होते आणि रंगरुटांच्या मुलाखतींची पद्धत बसवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. तोवर मुलाखत घेणारे गप्पा मारायचे आणि शेवटी आतून वाटेल तसा निकाल द्यायचे. म्हणजे सगळ्या आत्याच. त्या निकालांचा उपयोग जवळजवळ शून्य, असं तपासणीत निघालं होतं. काहनेमननी सांगितलं, सहा गुण ठरवा, एकेकावर ठरावीक प्रश्न विचारा, एकेकाला वेगळे मार्क द्या. आत्या खवळल्या. आम्हाला काय यंत्रं समजता? तेव्हा त्यांना गप्प करायला म्हणून ते म्हणाले, बरं, सगळे मार्क देऊन झाले की शेवटी डोळे मिटा आणि आतून वाटेल तो आकडाही लिहा. पुढे निकाल ताडून पाहिले तर हा डोळे मिटून दिलेला आकडाही त्या सहा मार्कांइतकाच उपयोगी निघाला. म्हणजे आतल्या आवाजाला आधी गृहपाठ करायला लावला की तो नीट बोलतो.

मी पुढच्या रविवारी हे करून पाहिलं. सहा प्रश्न तयार होते. पगार किती असं न विचारता महिनाअखेरीला काय करता, असं विचारायचं, वगैरे. शेवटच्या प्रश्नानंतर मी डोळे मिटले. मुलाच्या आईने माझ्या आईला विचारलं, “हिला फिट्स येतात का हो?”

2009 साली याच काहनेमननी गॅरी क्लाइन यांच्याबरोबर मिळून एक निबंध लिहिला. क्लाइन हे अनुभवी अग्निशमन दलवाल्यांच्या अंदाजांचा अभ्यास केलेले, आतल्या आवाजाचे वकील. दोघं भांडायला बसले आणि एकमत होऊन उठले. त्यांचं म्हणणं असं की आतून वाटणं खरं मानायला दोन अटी. भोवतालच्या गोष्टी काही नियमाने घडत असल्या पाहिजेत, आणि तिथे माणसाने पुष्कळ अंदाज बांधून चुकलं की बरोबर हे ताबडतोब अनुभवलेलं असलं पाहिजे. मी हे वाचलं आणि मला सकाळची स्लो लोकल आठवली. दोन्ही अटी पूर्ण! उलट कांदेपोह्यांत एकही नाही. तिथे निकाल लागायलाच वीस वर्षं जातात, आणि तोवर परीक्षा पुन्हा द्यायची सोय राहत नाही.

मग मी सरळ मुलांनाच माझ्या हद्दीत न्यायचं ठरवलं. पुढचं जे स्थळ आलं, त्याला म्हटलं, आपण हॉटेलात नको, रविवारी लोकलने दादरला जाऊ, जनरल डब्यातून. तो म्हणाला, “चालेल, पण रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून निघू.” इथेच मी मनात एक मार्क दिला. गाडीला गर्दी होती. आम्ही दोघं उभे. समोर एक आजोबा गाढ झोपलेले, मान खाली. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “तुम्ही इथे उभ्या राहा. हे ठाण्याला उठतील.”

मी म्हटलं, “झोपलेत ना ते?”

“झोपलेत, पण पिशवी मांडीवर आहे आणि बोटं बंदात आहेत. लांबचा माणूस पिशवी वर टाकून झोपतो.”

मुंब्रा गेलं. कळवाही गेलं. आजोबांनी डोळे उघडले, पिशवी खांद्याला लावली आणि उठले.

मला आतून काय वाटलं ते सांगत नाही. सहा प्रश्न विचारायचे राहून गेले, ते लग्नानंतर एकेक करून विचारले. आत्याने मुहूर्ताच्या दिवशी सगळ्या मांडवाला सांगितलं की तिला आधीच वाटलं होतं. त्याचा फ्लॅट कल्याणला, तोही भाड्याचा, त्यामुळे हे तिला नक्की कुठून वाटलं ते कळायला मार्ग नाही.

नोकरीचं प्रकरण मात्र लोकलमधून सुटण्यासारखं नव्हतं. मी ज्या कंपनीत होते तिथे मला ग्राहकसंबंध विभागात बसवलं होतं. मुलाखतीत साहेबांनी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, माणूस दारातून आत येतानाच मी ओळखतो. त्यांनाही आतून वाटायचं. त्यांनी नाकारलेले उमेदवार दुसरीकडे काय दिवे लावतायत हे त्यांना कुणी येऊन सांगत नव्हतं, त्यामुळे त्यांचा हा लौकिक निवृत्तीपर्यंत अबाधित राहिला. माझा मोठा दोष कोणता असं त्यांनी विचारलं, आणि मीही सगळे सांगतात तेच सांगितलं, की मला कामात वेळेचं भान राहत नाही. तिथे बायोडेटा आईने लिहिला नव्हता, एवढाच फरक.

काम असं होतं, की ग्राहक म्हणाला मी पैसे भरलेत, तर हसून ‘हो सर, लगेच बघते’ म्हणायचं. आणि माझ्या तोंडून निघायचं, “पावती दाखवा.” रविवारी संध्याकाळी टीव्हीवर काहीही लागलं असलं तरी पोटात गोळा यायचा. आई ओवा द्यायची. आतला आवाज ओव्याने दाबायची पद्धत घराघरांत आहे, आणि ओव्याने बरंही वाटतं, हीच अडचण आहे.

मधेच कंपनीने आम्हाला कर्जतच्या एका रिसॉर्टवर नेलं. ऑथेंटिक कसं व्हावं, हे शिकवायला एक तरुण मुलगा आला होता. मुखवटे उतरवा, म्हणाला. मुखवटे उतरवायची वेळ दुपारी तीन ते साडेचार अशी वेळापत्रकात छापलेली होती, त्यानंतर चहा. सगळ्यांना गोलात बसवून मनातलं बोलायला सांगितलं. हिशेब विभागातले एक ज्येष्ठ काका उठून म्हणाले, “मला इथे यायचं नव्हतं. आज आमच्या सोसायटीची मीटिंग होती.” टाळ्यांचा कडकडाट! तो मुलगा भारावून गेला. मार्चमध्ये काकांच्या वार्षिक मूल्यमापनात शेरा आला: टीममध्ये मिसळत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे जो तो मोजूनमापून ऑथेंटिक होऊ लागला. ‘मी खरं सांगू का, मला इथलं वातावरण फार आवडतं’, इतपत.

त्या काकांनीच एक दिवस माझ्यासमोर व्हाउचरांचा गठ्ठा टाकला. माणूस रजेवर आहे, जरा बघतेस का, म्हणाले. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या कागदाला मानेवरचे केस उभे राहिले. रिक्षाचं भाडं नेमकं 500 रुपये. रिक्षा अशी गोल आकड्यावर कधी थांबते का? हॉटेलच्या तीन वेगवेगळ्या तारखांच्या बिलांचे नंबर एकापाठोपाठ एक. म्हणजे मधल्या दिवसांत त्या हॉटेलात हे सोडून दुसरं चिटपाखरू जेवायला गेलं नव्हतं. काका नुसते बघत राहिले. त्या रविवारी ओवा लागला नाही.

आता मी इंटर्नल ऑडिटला आहे. ग्राहकांशी बोलताना ज्याला माझा दोष म्हणायचे, त्याला इथे दोन वेळा पगारवाढ मिळाली. बायोडेटा पुन्हा लिहायचा झाला तर संशयी हा शब्द मी पहिल्या ओळीत घालीन. घरी नवऱ्याला त्याचा त्रास होतो, पण तो ठाण्याचा माणूस उठायच्या आधीच ओळखणारा असल्याने मी भाजीवाल्याचा हिशेब मागायच्या आत चिठ्ठी काढून ठेवतो.

आत्या मात्र थकलेली नाही. परवा माझी भाची, बारावी झालेली, पुढे काय करावं म्हणून तोंड पाडून बसली होती. आत्या म्हणाली, “मला आतून वाटतंय, ही बँकेतच जाणार.” बाबांनी रेघ मारायला कागद घेतला. मी भाचीला विचारलं, “तू रोज, न चुकता, तासन्‌तास काय करतेस?”

“मावशी, रील्स बघते.”

“आणि त्यातलं तुला काय कळतं?”

ती जरा विचार करून म्हणाली, “पहिल्या दोन सेकंदांत कळतं, लोक ही शेवटपर्यंत बघणार की पुढे सरकवणार. मी आणि मैत्रिणी पैजा लावतो, मग दुसऱ्या दिवशी व्ह्यूज बघतो. मी बहुतेक जिंकते.”

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी कागद खाली ठेवला. आत्याने डोळे मिटले, खूप वेळ मिटलेलेच ठेवले आणि मग विचारलं, “त्यात पेन्शन असतं का गं?”