विमानाला घाबरणाऱ्या मांजरीस अनावृत पत्र

कु. मनी हिस,
मु. पो. कपाटाचा वरचा कप्पा, कोथरूड, पुणे.

स. न. वि. वि.

आपलं बिऱ्हाड फ्रँकफर्टला हलतंय आणि कॅरियर दिसला रे दिसला की आपण कपाटावर जाऊन बसता, असं कळलं. या अडेलतट्टूपणाचा जाहीर निषेध.

कॅरियरमध्ये घाबरण्यासारखं आहेच काय? वर्षातून एकदा तो माळ्यावरून खाली येतो. त्यात बसलं की पुढे रिक्षा, डॉक्टर, सुई आणि शेपटीखाली थर्मामीटर. एवढ्याशा पुराव्यावर आपण मत बनवता! तो आधीपासून हॉलमध्ये उघडा ठेवावा, आत घरच्यांच्या वासाची जुनी चादर अंथरावी, जेवण त्यातच वाढावं, असं जाणकार सांगतात. पण सोफ्याशेजारी ते धूड बरं दिसतं का? पाहुणे काय म्हणतील?

शिवाय घरच्यांना वेळ कुठे आहे? रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाचा भारतावर भरवसा नाही. म्हणून आधी 15 आकडी मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि अहवाल चांगला आला तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सरकारी नियमांनीच आपल्याला कॅरियरची सवय करायला चार महिने दिले. ते सगळे फाइल लावण्यात गेले. फाइल आता अगदी शांत आहे, कुठेही न्या.

आता सवयीऐवजी गोळी शोधणं चालू आहे. काकांना वाटतं, गुंगीचं काहीतरी द्यावं, मुंबईला डोळे मिटावेत, जर्मनीत उघडावेत. पशुवैद्य मात्र नाही म्हणतात. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो, आणि विमानात बघायला डॉक्टर नसतो. भीती कमी करणारं गॅबापेन्टिन ते देतात, पण मात्रा वजनाप्रमाणे, आणि आधी घरी देऊन बघायची. घरी बघायची म्हणजे पुन्हा वेळ आलाच.

खरी गंमत विमानतळावर आहे. सुरक्षा तपासणीत कॅरियर एक्स-रे यंत्रातून जातो, आपण नाही. आपल्याला बाहेर काढून, कडेवर घेऊन चौकटीतून नेतात. भोवती ट्रे आपटतायत, यंत्रं पिपाणी वाजवतायत, माणसं पट्टे सोडतायत. त्या क्षणी अंगावर हार्नेस नसेल, तर पुढचा अंक विमानतळाच्या छतावर. हार्नेस काल संध्याकाळी मागवला आहे म्हणे.

फ्रान्सने 18 ऑक्टोबर 1963 रोजी फेलिसेट नावाची मांजर थेट अवकाशात धाडली. ती जिवंत परतली. तिला आधी सराव दिला होता, हा तपशील आपण मनावर घेऊ नये. परतल्यावर शास्त्रज्ञांनी तिचं काय केलं, तो तर मुळीच नको.

तेव्हा हट्ट सोडा, खाली उतरा.

आपला हितचिंतक,
वरच्या मजल्यावरचा

ता. क. : हे पत्र चुकून घरच्यांच्या हाती पडलंच, तर त्यांनी आजच कॅरियर माळ्यावरून काढावा, हार्नेस घरात घालून बघावा, गोळीची चाचणी डॉक्टरांना विचारून सुट्टीच्या दिवशी करावी, आणि हे जमेपर्यंत तिकीट पुढे ढकलावं.